शेरखान कोण बोलला?

दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’मधला शेरखान आठवतो? त्या जपानी कार्टूनमधल्या वाघाला हिंदी आवाज होता नाना पाटेकरांचा. निंजा हातोडी हिंदीत बोलला तो मेघना एरंडेंच्या गळ्यातून, बेन टेन संकेत म्हात्रेंच्या. तिघंही मराठी.

डबिंगमध्ये चित्र आधीच तयार असतं. कानाला हेडफोन, नजर पात्राच्या ओठांवर, आणि ओठ मिटले की वाक्यही संपायला हवं. व्हिडिओ गेमची तऱ्हाच निराळी. तिथे सलग गोष्ट हाती येत नाही. उडीचा हुंकार, घाव बसल्याची कळ, दरीत कोसळतानाची किंकाळी, सगळं सुटं सुटं ध्वनिमुद्रित होतं. किंकाळ्या शक्यतो शेवटी. घसा बसला की त्या दिवसाचं काम आटोपलंच! बांगड्यासुद्धा काढून ठेवाव्या लागतात, माइक फार तिखट कानाचा.

या कामात यायचं तर आपल्या बोदवडच्या पोरापोरींनी काय करावं? बरंचसं काम मुंबईत आहे, पण तयारी इथेच होते. पेपर मोठ्यानं वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. एकांकिका सोडू नका, कारण हा मुळात अभिनयच. हिंदी आणि प्रमाण मराठी घोटा, पण घरची लेवा गणबोली पुसू नका. गावाकडच्या पात्राला तोच बाज लागतो. काम मागताना पाठवायचा आवाजाचा नमुना मिनिटभराचा पुरे, आणि त्यात नटांच्या नकला नकोत.