जुन्या यंत्रणेला निरोप



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या आज्ञावलीवर बोलावे हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणित शिकवीत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी विद्यार्थी आज याच व्यवसायात आहेत. शिवाय जुन्यापैकी काय ठेवावे व काय काढून टाकावे, हा भाषेच्या अभ्यासकाचाही नित्याचाच प्रश्न आहे.

आपण पाठविलेला संदेश आंतरजालावर तुकड्यातुकड्यांनी प्रवास करतो. वाटेत ठिकठिकाणी राउटर असतात. रेल्वेच्या टपाल डब्यातील छाननीदाराप्रमाणे ते प्रत्येक तुकडा कोणत्या वाटेला लावायचा हे ठरवितात. कोणता मार्ग खुला आहे, कोणता बंद, ही वार्ता राउटर एकमेकांना ठरावीक नियमांनी कळवितात. मोठमोठ्या जाळ्यांमधील या देवाणघेवाणीच्या नियमांना बीजीपी म्हणतात. त्यांचा पहिला मसुदा १९८९ सालचा. ही बोलणी करणारी आज्ञावली साध्या संगणकावरही चालविता येते. १९९६ मध्ये कुनिहिरो इशिगुरो या जपानी अभियंत्याने तशी एक लिहावयास घेतली व तिला 'झेब्रा' हे नाव दिले. ती सर्वांना खुली होती. पुढे तिच्यातून 'क्वागा' ही शाखा फुटली. क्वागा हा झेब्र्याचाच एक नष्ट झालेला प्रकार. त्यातील शेवटचा प्राणी १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. नाव ठेवणारे रसिक असावेत! २०१७ मध्ये क्वागातून 'एफआरआर' ही तिसरी पिढी निघाली व लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाढू लागली.

या वंशावळीबरोबर वारसाही आला. राउटरांशी बोलणी करून मार्ग ठरला, की तो संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीच्या कोष्टकात नोंदवावा लागतो; आणि प्रत्येक प्रणालीची नोंद करण्याची रीत वेगळी. लिनक्सची एक, बीएसडी कुळाची दुसरी, सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिसची तिसरी. म्हणून आज्ञावलीत जागोजागी 'ही प्रणाली असेल तर हे वाचावे, ती असेल तर ते' अशा अटी पेरलेल्या असतात. आपल्या हस्तलिखितांच्या समासातील पाठभेदांची आठवण व्हावी, असा तो प्रकार. फरक एवढाच की पाठभेद मुका असतो. इथला प्रत्येक भेद चालता राहावा लागतो. नवी सोय करायची म्हटले की ती प्रत्येक प्रणालीवर कशी बसेल याचा विचार आला, आणि प्रत्येकीवर तपासणीही आली.

सोलारिसच्या बाबतीत हीच तपासणी अडली. २०१० मध्ये ऑरॅकलने सन कंपनी विकत घेतली व त्याच वर्षी ओपनसोलारिसचा खुला प्रकल्प संपला. सोलारिस मेली नाही. २०१८ मध्ये तिची ११.४ ही आवृत्ती निघाली, आणि इलुमॉस नावाने तिचे एक स्वतंत्र घराणेही चालू आहे. पण एखादी प्रणाली जिवंत असणे वेगळे, आणि तिच्यावर आपली आज्ञावली रोज चालवून पाहणारा माणूस हाताशी असणे वेगळे. तसा माणूस नसेल तर तिच्यासाठी लिहिलेल्या ओळी न वापरलेल्या विहिरीसारख्या होतात. वरून पाणी दिसते, पण प्यावे की नाही हे कोणी सांगत नाही. अखेर एफआरआरच्या मंडळींनी सोलारिससाठीचा भाग काढून टाकला.

मी काढणाऱ्यांच्या बाजूचा आहे. आधार आहे असे छापून ठेवायचे आणि तो कोणी पारखायचा नाही, यात भोळ्या वापरकर्त्याची फसवणूक होते. त्यापेक्षा नाही म्हणणे सचोटीचे. हळवेपणा इथे कामाचा नाही: लिनक्सचा जन्म १९९१ मध्ये ज्या ३८६ चिपवर झाला, तिचाही आधार २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत काढला गेला. जन्मघर पाडावे तसेच ते; पण पाडले.

मात्र काढण्याचीही रीत असते, आणि या बाबतीत संगणकवाल्यांकडून आपण भाषावाल्यांनी काही शिकावे असे मला वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडीचे शिक्षण बंद झाले. छपाई बाळबोधीत होत होती, कारणे रास्त होती. परंतु घरोघरच्या पेट्यांतील जमिनीचे कागद, संस्थानांची दप्तरे यांचे पुढे काय, हे त्या वेळी पुरेसे कोणी विचारले नाही. आणि अजूनही आजोबांचा दस्त हातात घेऊन मोडी वाचणारा शोधीत फिरणारी माणसे भेटतात. आज्ञावलीच्या जगात काढलेली ओळ नाहीशी होत नाही. कोणी काढली, कोणत्या दिवशी, कशासाठी, हे सारे इतिहासात नोंदलेले राहते. जुनी आवृत्ती कोणालाही उतरवून घेता येते. ही शिस्त मला फार आवडते.

तरी तिच्यावर विसंबण्याला मर्यादा आहे. जुनी आवृत्ती मिळते, तिची डागडुजी मिळत नाही. नवे छिद्र सापडले तर दुरुस्ती नव्या आवृत्तीत होते, आणि ती नवी आवृत्ती त्या जुन्या यंत्रावर चढत नाही. म्हणून आधार काढण्याची पूर्वसूचना एखाददोन आवृत्त्या आधी, ठळक जागी दिली पाहिजे. बदलांच्या लांबलचक यादीतील एका ओळीवर ते भागविणे मला मान्य नाही. त्या याद्या वाचतात ते बहुधा आधीच पुढे गेलेले असतात.

एफआरआरच्या मार्गदर्शिकेत आता लिनक्स आणि बीएसडी कुळातील प्रणालींची नावे आहेत. ज्याच्या कपाटात सोलारिसचे यंत्र अजून चालू असेल, त्याच्यापुढे दोन वाटा उरतात: जुन्या आवृत्तीवर राहून ते यंत्र बाहेरच्या जाळ्यापासून दूर ठेवणे, किंवा मार्गनिर्देशनाचे काम शेजारच्या लिनक्स यंत्राकडे सोपविणे. दुसरी वाट खर्चाची, पण एका रात्रीत होण्याजोगी आहे.