ब्रेकचा रेझिस्टर तापतो तेव्हा

बोरघाट उतरून खोपोलीत थांबलेल्या ट्रकच्या चाकांपाशी उभे राहा. जळका वास येतो. उताराने दिलेली शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसलेली असते. कारखान्यातली क्रेन जड ओझे खाली सोडते तेव्हाही असेच होते. ओझेच मोटारीला फिरवू लागते, मोटार वीज तयार करते आणि ती ड्राइव्हकडे उलटी येते. ती जिरवायला पॅनेलबाहेर, जाळीच्या पेटीत, रेझिस्टर बसवलेला असतो. ड्राइव्हमधला एक ट्रान्झिस्टर जरुरीपुरती वीज त्यात सोडतो.

हा रेझिस्टर निवडतात तो थोडा वेळ तापून मग निवायला वेळ मिळेल या हिशेबाने. पण समजा, तो ट्रान्झिस्टरच शॉर्ट झाला. मग काय? ४१५ व्होल्टचा पुरवठा ड्राइव्हमध्ये शिरला, की एकदिश होऊन सुमारे ५८५ व्होल्ट होतो. रेझिस्टर ५० ओहमचा असेल, तर त्यात जवळजवळ ७ किलोवॅट सतत जळू लागतात. आणि त्याची ताकद असते, समजा, एक किलोवॅटची! सात शेगड्यांचा जाळ एका शेगडीत. शेजारी तेलकट बोळे पडलेले असले, तर पुढचे सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, रेझिस्टरवर थर्मल स्विच असतो की! असतो, पण त्याची तार बहुधा ड्राइव्हच्या टर्मिनलवर नेतात. ड्राइव्ह इमानाने दोष दाखवतो, मोटारही थांबते, आणि रेझिस्टर मात्र तापतच राहतो. ज्याचा हात जायबंदी झाला, त्यालाच दार लावायला सांगण्यासारखे हे आहे. त्या स्विचने ड्राइव्हच्या अलीकडचा मुख्य कॉन्टॅक्टरच पाडला पाहिजे. कॉन्टॅक्टरचा खर्च वाचवणारे मालक मी पाहिले आहेत; असो.

स्विच नेहमी बंद राहणारा व तापल्यावर उघडणारा घ्यावा, म्हणजे तार तुटली तरी पुरवठा जातो. निवल्यावर कॉन्टॅक्टर आपोआप परत लागता कामा नये. बटण माणसानेच दाबावे. आणि पुरवठा जाताच क्रेनचा यांत्रिक ब्रेक ओझे धरतो ना, हे आधी पाहावे.

तुमच्याकडची जोडणी कशी आहे, ते कळायला फार वेळ लागत नाही. ओझे उतरवा, पुरवठा बंद करा, वायरमनकडून थर्मल स्विचची एक तार सोडवून बाजूला बांधून घ्या, आणि मग सुरू करण्याचे बटण दाबा. कॉन्टॅक्टर खट्कन लागला, तर त्याच दिवशी जोडणी बदलून घ्या.