नळाचा बाक आणि गावाचे पाणी
(सिरोंचा येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



प्राणहिता आणि गोदावरी यांचा संगम आपल्या उशाशी आहे. तरी घरात पाणी येते ते नळानेच. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटरचे प्रमाण ठरविले. ते पाणी वाहून नेणारा नळ वळणावर कसा आहे, हे मात्र काम ताब्यात घेताना क्वचितच पाहिले जाते. आज मी तेवढ्याविषयीच बोलणार आहे.

नळ वाकविला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाऊन पातळ होते, आतली दबून जाड होते आणि गोल पोकळी लंबगोल होते. निळा पट्टा असलेल्या, म्हणजे मध्यम वर्गाच्या, २५ मिलिमीटर लोखंडी नळाचा बाहेरचा व्यास ३३.७ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी ३.२ मिलिमीटर असते. १०० मिलिमीटर त्रिज्येच्या बाकात बाहेरची भिंत सुमारे २.७ मिलिमीटर उरते. ५० मिलिमीटरच्या बाकात २.४. म्हणजे चौथा हिस्सा गेला!

एवढ्याने नळ फुटेल काय? नाही. १२ मीटर उंचीवरील पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम १.२ किलोग्रॅम, लोखंड तो सहज सोसते. भय निराळे आहे. तयार एल्बो हाताशी नसला की मिस्त्री नळ आगीत लाल करून वाकवितो. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते आणि लालबुंद नळ त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. भिंत जेथे सर्वांत पातळ, नेमके तेथलेच जस्ताचे कवच जाते आणि गंज तेथूनच सुरू होतो. त्या धुराने मिस्त्रीलाही ताप भरतो. चेपू नये म्हणून नळात वाळू भरतात. ती ओली असली तर वाफेने बूच उडून अपघात होतो.

पोकळीचे गणितही पाहण्याजोगे आहे. व्यासात दहा टक्क्यांचा फरक पडून नळ किंचित लंबगोल झाला, तर पाण्याची वाट केवळ एक टक्क्याने घटते. त्याची चिंता नको. नळ निम्म्याने चेपला, तर मात्र सुमारे तीन दशांश वाट बंद होते, गाळ तेथेच अडकतो आणि गाऱ्हाणे येते ते शेवटच्या घरांचे.

पीव्हीसी नळ तणसीच्या जाळावर वाकविण्याची रीत तर सर्वस्वी त्याज्य होय. तो एकीकडे करपतो, दुसरीकडे पातळ होतो. आणि त्याची भिंत लोखंडासारखी बळकट नसते.

वाकविण्यालाच माझा विरोध आहे असे नव्हे. बाक यंत्रावर, थंड अवस्थेत, मोठ्या त्रिज्येने दिलेला असेल तर एल्बोपेक्षा तेथे पाण्याला अडथळा कमीच होतो. अरुंद जागी मात्र तयार एल्बोच घ्यावा. तो वळणाच्या आकारातच ओतलेला असल्याने त्याची भिंत ताणली गेलेली नसते.

परीक्षा सोपी आहे. या २५ मिलिमीटर नळाची आतली पोकळी २७.३ मिलिमीटर असते. वाकविलेला तुकडा जोडण्यापूर्वी २४ मिलिमीटरचा लाकडी गोळा त्यातून सोडावा. अडकला तर तुकडा परत करावा. हे चर बुजविण्यापूर्वी, ग्रामपंचायत अधिकारी व सरपंच यांच्या समक्ष व्हावे.