भिवंडीचं लूम आणि आपला हिशेब

(कल्याणमध्ये तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'आयटी क्षेत्रातल्या संधी'. मी फोन करून सांगितलं, की त्यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे शंभर जण तुमच्या मोबाईलमध्येच आहेत. मला भिवंडीच्या लूमवर बोलू द्या. ते म्हणाले, "मुलं झोपतील." बघू या.

मी रोज ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कामाला जातो. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, तिची सुरुवातच वागळे इस्टेटपासून झाली. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि आत आमच्यासारखे लोक गळ्यात ओळखपत्र अडकवून बसलेले. आमच्या इमारतीच्या जागी आधी कारखाना होता. कशाचा, हे आता फक्त जुन्या वॉचमनकाकांना माहीत आहे. ठाण्याची रेमंड गिरणी १९२५ची. तिथलं उत्पादन २००९मध्ये थांबलं आणि आता त्या जागेवर टॉवर आहेत. आपल्या मोहने-आंबिवलीची एनआरसीही २००९मध्येच बंद पडली. डोंबिवलीत कारखाने आहेत, पण त्यांची बातमी होते ती स्फोटाची: मे २०१६, मग मे २०२४. शेजारी राहणारा माणूस म्हणतो, हे इथून हलवा. त्याचं चूक आहे असं मी तरी म्हणणार नाही.

या सगळ्या पट्ट्यात ज्या गावात अजून गल्लीबोळात काहीतरी बनतं, ते भिवंडी. आणि तिथे आपल्यातल्या अनेकांचे काका, मामू, नाना आहेत. माझेही आहेत.

थोडा इतिहास सांगतो, लवकर संपवतो. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून विणकर मोमीन कुटुंबं इथे आली. हातमाग होते. विसाव्या शतकात वीज आली, माग विजेवर चालू लागले. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. आजही पद्मनगरात तेलुगू पाट्या दिसतात. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्यांचं बरंचसं विणकाम आधीच बाहेर जायला लागलं होतं, संपाने ते भिवंडीकडे जोरात वळलं. म्हणजे गिरणगावच्या कामगाराचं काम गेलं ते थोडंफार आपल्या शेडमध्ये आलं. फरक इतकाच, की गिरणीत त्याला पगारी रजा होती, फंड होता, युनियन होती. आपल्या शेडमध्ये बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी आणि जेवायला भिशी.

१९७० आणि १९८४ला दंगली झाल्या. माणसं गेली, लूम जळाले. १९८८नंतर तिथले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, आणि डिसेंबर ९२-जानेवारी ९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे मी मुद्दाम सांगतोय. धंद्याचं बोलताना आपण सूत, वीज, मजुरी मोजतो. शांतता मोजत नाही. पण रात्रपाळीला माणूस निर्धास्तपणे येतो, तेव्हाच लूम चालतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही कुणाला विचारलंत, "तुमच्या चाचांचं काय आहे?" तर उत्तर येतं, "कापडाचा कारखाना आहे." बहुतेक वेळा हे खरं नसतं. चाचांकडे लूम आहेत. सूत त्यांचं नाही, कापड त्यांचं नाही. व्यापारी सूत देतो, ते सायझिंगमधून बीम होऊन येतं, चाचा विणून देतात, कोरं कापड व्यापाऱ्याकडे परत जातं. चाचांना मिळते ती पिकावर मजुरी. पीक म्हणजे आडवा धागा एकदा टाकणं. कापडाच्या एका इंचात असे किती धागे, त्यावर भाव ठरतो. सुताचा भाव वाढला तर व्यापारी काम थांबवतो. कापडाचा भाव पडला तर मजुरी कापतो. आणि दोन्ही बरं असेल तर? तर उरलेला फायदा त्याचाच. शेड आपली, वीजबिल आपलं, कामगाराची उचल आपली, दुरुस्ती आपली. भाव मात्र आपला नाही. आपल्याकडे यालाच 'सेठ' म्हणतात!

मी इंजिनिअर आहे, मला आकडे लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. लिहून घ्या. साधं शटलचं लूम मिनिटाला १२० पिकं टाकतं, असं धरू. कापड इंचाला ५२ पिकांचं. एका मीटरला साधारण २,०४७ पिकं लागतात. लूम न थांबता चाललं तर मीटरला १७ मिनिटं. पण धागा तुटतो, कांडी संपते, लाईट जाते. वेळेच्या ८० टक्केच लूम चाललं तर बारा तासांत साधारण ३४ मीटर. ७० टक्के चाललं तर साडेएकोणतीस. समजा पिकाला १० पैसे भाव आहे, म्हणजे मीटरला ५ रुपये २० पैसे. या दहा टक्क्यांचा फरक लूममागे पाळीला २२ रुपये. बारा लूम, दोन पाळ्या, महिन्याचे २६ दिवस: साडेतेरा हजारांच्या पुढे. भाव मी उदाहरणासाठी घेतलाय, तुम्ही तुमचा घाला. पण माझा प्रश्न असा आहे, की तुमच्या घरच्या लूमचा आकडा ८० आहे की ७०, हे घरात कुणाला माहीत आहे?

मी माझ्या एका चाचांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बेटा, आवाजावरून कळतं." आणि खरंच कळतं त्यांना! बाहेर ओट्यावर बसून सांगतात, तिसऱ्या रांगेतलं लूम बंद पडलं. मी थक्क झालो. पण आवाजावर बँक कर्ज देत नाही. १९९९पासून केंद्र सरकारची यंत्र सुधारणेची योजना होती, टफ्स म्हणतात ती. साधी लूम बदलून रेपियर घ्यायला कर्जात सवलत. मोठ्यांनी घेतली. बारा लूमवाल्याकडे ना ताळेबंद, ना विवरणपत्र, ना शेडच्या जागेचे धड कागद. चाचांच्या शेडमधली निम्मी लूम दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली, किलोच्या भावाने. वजनकाट्याची पावती त्यांनी जपून ठेवली आहे. त्यांच्या धंद्याचा तोच बहुधा पहिला नीट कागद.

कागदाची किंमत २०१६ आणि २०१७ने शिकवली. आधी नोटाबंदी. या धंद्यात आठवड्याची मजुरी रोख वाटली जायची. नोटाच नाहीत म्हटल्यावर कामगार गावी गेले. आठेक महिन्यांत जीएसटी. कृत्रिम धाग्यावर कर आधी १८ टक्के, मग १२, कापडावर ५. सुतावर भरलेला जादा कर कापडवाल्यांना परत मिळायची सोय २०१८च्या मध्यापर्यंत नव्हती. ज्याच्याकडे सूत विणण्यापासून रंगाईपर्यंत सगळं होतं तो तगला. मग २०२०. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. ज्यांना गाडी मिळाली नाही ते नाशिक हायवेने चालत निघाले. ज्या शहराचं कापड त्यांनी विणलं, तिथल्या कुठल्याही नोंदवहीत त्यांची नावं नव्हती. हे सरकारचं अपयश आहेच. पण नोंदवही मालकाचीही असते ना?

विजेचं म्हणाल तर २००७मध्ये महावितरणने भिवंडीचं वितरण टोरंट पॉवरला दिलं, देशातला तसला पहिलाच मोठा प्रयोग. निम्म्याहून जास्त असलेली गळती काही वर्षांत २० टक्क्यांच्या आसपास आली. बिलांवरून भांडणं पुष्कळ झाली, अजून होतात. पण आकडे टाकून चालणारा धंदा संपला, ते बरंच झालं असं माझं मत आहे. हे भिवंडीत बोललो तर चहा मिळत नाही.

आता गोदामं. मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडा, हायवेच्या दोन्ही अंगाला. आधी ती मुंबईच्या जकातीबाहेर म्हणून आली. २०१७मध्ये जकात गेली, गोदामं वाढतच राहिली. जमिनीचं भाडं येतं, झंझट नाही. शेडवाल्याला मी दोष देत नाही. साठीच्या माणसाला कांडीवाल्याच्या आणि व्यापाऱ्याच्या मागे पळण्यापेक्षा महिन्याचं भाडं केव्हाही गोड. पण तुमच्यातले जे तिथे ठेकेदाराकडे कामाला जातात, त्यांना विचारतो. तीन वर्षं खोकी उचलल्यावर, स्कॅनर मारल्यावर हातात काय शिल्लक राहतं? लूमचा जॉबर तीन वर्षांत मशीन खोलून पुन्हा जोडायला शिकतो. डॉबी पाहिली आहे का कुणी जवळून? लाकडी पट्ट्यांची साखळी, भोकात खुंटी असली की धागे वर, नसली की खाली. खुंटी म्हणजे एक, रिकामं भोक म्हणजे शून्य. माझं शिक्षण ज्यावर उभं आहे तेच काम शाळा सोडलेले मामू हाताने खुंट्या ठोकून करतात. आणि आपण त्यांना अनपढ म्हणतो.

आणि ज्यांना कुणीच कामगार म्हणत नाही त्या बायका. घरात बसून कांड्या भरणं, कापडाचे धागे कापणं, नगावर पैसे. घरी येणाऱ्या मापावर विश्वास, वही नाही. माझी फूफी वर्षानुवर्षं हे काम करत होती आणि जनगणनेवाला आला की "घरकाम" असं सांगायची. मुलींनी आधी आपल्या घरातला हा हिशेब लिहावा.

"मग आम्ही लूम चालवायची का?" हा प्रश्न मघापासून दिसतोय मला चेहऱ्यांवर. ज्याला कोडिंग करायचंय त्याने करावं, मी तेच करतो. पण ज्याच्या घरी शेड आहे, त्याने पळण्याआधी सहा महिने वही लिहावी. कुठल्या लूमने किती मीटर दिले, किती वेळ थांबलं, का थांबलं, बिलात किती युनिट आले. सरकारच्या वीज सवलतीची नोंदणी झाली आहे का, जोडभार २७ एचपीच्या आत आहे की बाहेर, हे बघावं. मग दहा शेडवाले मिळून निदान थोडं सूत स्वतःचं घेता येतं का, ते तपासावं. इचलकरंजीत सहकारी सूतगिरण्या निघाल्या. आपल्याकडे एका गल्लीतले दोन भाऊसुद्धा भाव एकमेकांना सांगत नाहीत. हा अविश्वास व्यापाऱ्याला फुकट मिळालेला फायदा आहे. आणि वही लिहिताना कामगाराचं नाव आणि त्याची मजुरीही त्याच वहीत लिहा. तो खर्च लपवून काढलेला नफा हा नफा नव्हे.

मी मोबाईलवर भरता येईल असा एक साधा तक्ता बनवला आहे, मराठी आणि उर्दू दोन्हीत. पुढच्या रविवारी दुपारी दोन ते सहा मी इथेच बसणार आहे. येताना मागच्या तीन महिन्यांची वीजबिलं आणा, व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या आणा. आणि जमलं तर चाचांनाही घेऊन या. लूम कुठलं, का थांबलं, हे त्यांच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.