प्रवासखर्च आणि आपला निधी

(तळवली येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आत्ताच पार पडला. त्यापाठोपाठ रेल्वेच्या पासासारखा रुक्ष विषय काढणे काहींस अप्रस्तुत वाटेल. परंतु पैशाची ओढ लागली की कित्येक घरांत पहिली काटछाट होते ती जाण्यायेण्याच्या खर्चात, आणि तीही बहुधा मुलीच्या. म्हणून आम्ही हाच विषय घेतला आहे.

रबाळे आणि घणसोली ही दोन्ही स्टेशने आपल्याला जवळ. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यापासून आपल्या मंडळींची नोकरी आणि शिक्षण या गाडीवर पुष्कळ अवलंबून आहे. आता हिशेब पाहा. दहा किलोमीटरच्या आतील दुसऱ्या वर्गाचे तिकीट ५ रुपये. महिन्यात पंचवीस दिवस जाऊन-येऊन २५० रुपये झाले. मासिक पास मात्र १०० रुपयांस मिळतो. उपनगरी पासाची आकारणी मुळात पंधरा एकेरी फेऱ्यांच्या हिशेबाने होते, लहान अंतरास एवढी किमान रक्कम. जून २०१४ मध्ये पंधराच्या जागी तीस फेऱ्या धरण्याचे जाहीर झाले होते. मुंबईत गदारोळ उठला आणि काही दिवसांतच ते मागे घेण्यात आले. त्रैमासिक पासास तर मासिकाच्या तिप्पट नव्हे, २.७ पट पैसे पडतात.

म्हणजे ज्याच्यापाशी रक्कम एकदम आहे त्याला प्रवास स्वस्त. जी भगिनी रोजच्या मजुरीवर घर चालवते, ती रोज खिडकीशी उभी राहून अडीचपट मोजते. हा न्याय उफराटा खरा, पण तो दररोज घडतो आहे.

गरिबांसाठी सवलती निघाल्या नाहीत असे नाही. २००९ साली ‘इज्जत’ पास आला: असंघटित कामगारास २५ रुपयांत शंभर किलोमीटरपर्यंत महिनाभर प्रवास. अट अशी की मासिक उत्पन्न १५०० रुपयांच्या वर नसावे! दोन हजार मिळवणारी बाई त्या नियमाने सुखवस्तू ठरली. २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज मोफत पास देण्याची घोषणा झाली. पंचविशीच्या आतील विद्यार्थ्यांस निम्म्या दराचा पासही आहे, त्यासाठी कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म आणावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांस निम्मे भाडे झाले. गावी जाण्यास त्याचा मोठा आधार, पण रोजच्या लोकलला त्याचा उपयोग नाही.

अडते ते दोन ठिकाणी: कागदांत आणि एकरकमी पैशांत. दोन्ही गोष्टी आपल्या संस्थेच्या आवाक्यातल्या आहेत. निधीतून गरजूंना त्रैमासिक पासाची रक्कम बिनव्याजी उसनी द्यावी, ती त्यांनी तीन हप्त्यांत फेडावी. लहान अंतरास हे साधारण पावणेतीनशे रुपये होतात. ते बुडतील अशी ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी आज मंडपावर झालेला खर्च कोषाध्यक्षांकडे पाहून घ्यावा. मात्र कर्ज घेणाऱ्यांची नावे अहवालात छापू नयेत, सभेतही वाचू नयेत. मदतीपायी कोणाची मान खाली जाता कामा नये.

फॉर्म भरण्यास दोन शिकलेल्या तरुणांनी, त्यांत एक मुलगी असावी, महिन्यातून एक रविवार द्यावा. कॉलेजे उघडतात जूनमध्ये. तेव्हा पहिली बैठक मेअखेरीस घ्यावी, अशी सूचना आम्ही सभेपुढे ठेवतो.