इंग्रजी नियमित क्रियापद : चार रूपे, बारा काळ

इंग्रजीतले नियमित क्रियापद चारच रूपे घेते. थांबणे या अर्थाचे 'स्टॉप' घेतले तर स्टॉप, स्टॉप्स, स्टॉप्ट आणि स्टॉपिंग. मराठीत एवढ्यावर भागत नाही. गाडी थांबली, ट्रक थांबला, प्रवासी थांबले, बाया थांबल्या, मी थांबलो, तू थांबलास. काळ एकच, पण लिंग, वचन, पुरुष बदलला की शेवट बदलतो. सकर्मक क्रियापद असेल तर भूतकाळात ते कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते : त्याने चहा मागवला, त्याने पुरी मागवली. ही सगळी व्यवस्था बोलण्यात मुरलेल्या मुलाला इंग्रजीची चार रूपे जड जाण्याचे कारण नाही. अडचण येते ती कोणते रूप कोणत्या साहाय्यक क्रियापदापुढे ठेवायचे, इथे.

नियमित म्हणजे ज्याचा भूतकाळ 'ईडी' लावून होतो ते. अनियमित क्रियापदे दोनशेच्या आसपास आहेत आणि ती रोजच्या वापरातली असल्यामुळे पाठ करावीच लागतात. बाकी सारा कारभार नियमितांचा. 'हेल्प'चा भूतकाळ जुन्या इंग्रजीत वेगळा होता, तोही पुढे नियमित झाला. 'डाउनलोड'सारखे नवे क्रियापद तर जन्मतःच नियमित असते.

लिहिताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. 'अराइव्ह'च्या शेवटी 'ई' आहेच, म्हणून नुसता 'डी' पुरतो. 'कॅरी'मधल्या 'वाय'चा 'आय' होतो, पण 'प्ले'मध्ये 'वाय'च्या आधी स्वर असल्याने तो तसाच राहतो. 'स्टॉप'चा 'पी' दुप्पट होतो; 'व्हिजिट'चा 'टी' होत नाही, कारण त्यातला जोर पहिल्या अवयवावर आहे.

उच्चाराकडे मात्र शाळेत फार कमी लक्ष जाते, आणि तिथेच जास्त लक्ष हवे. 'ईडी' हे लेखन एक, उच्चार तीन. प, क, स, श, च यांसारख्या अघोष ध्वनींनंतर 'ट' : स्टॉप्ट, वॉक्ट, वॉच्ट. घोष ध्वनी आणि स्वर यांच्यानंतर 'ड' : अराइव्ह्ड, ओपन्ड, प्लेड. मुळातच शेवटी 'टी' किंवा 'डी'चा ध्वनी असेल तरच वेगळा अवयव ऐकू येतो : वेटिड, लोडिड. 'स्टॉपेड', 'वॉकेड' हे उच्चार डोळ्यांनी शिकलेल्या इंग्रजीचे आहेत. महाराष्ट्रात 2000 पासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आले. ते मुलांच्या कानावर जितके पडेल तितके बरोबर उच्चार सहज बसतील.

आता काळ. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन काळ साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण अशा चार प्रकारांनी बारा होतात. साध्या वर्तमानकाळात ही, शी, इट किंवा एकवचनी नाम कर्ता असेल तर 'एस' लागतो : द ट्रेन स्टॉप्स ॲट नांदुरा. मराठीतला रीती वर्तमान, म्हणजे 'गाडी इथे थांबत असते' हा प्रकार, इंग्रजीत याच साध्या काळात मावतो. प्रश्न किंवा नकार आला की काळाची खूण मुख्य क्रियापदावरून उठून 'डू'वर जाते : डज द ट्रेन स्टॉप, डिड द ट्रेन स्टॉप. मराठीत 'गाडी थांबली का' म्हणताना क्रियापद जागचे हलत नाही, म्हणून 'डिड स्टॉप्ट' अशी दुहेरी खूण पडते. भविष्यकाळात तर काहीच बदलत नाही. 'विल' आणि मूळ रूप.

चालू काळ वऱ्हाडातल्या नांदुऱ्याच्या मुलाला खरे तर घरीच मिळालेला असतो. प्रमाण मराठीत 'गाडी येते' हे रोजच्या गाडीलाही चालते आणि आता येणाऱ्या गाडीलाही. वऱ्हाडीत तसे नाही. मलकापूर आणि शेगावच्या मधल्या या स्थानकावर उभा असलेला माणूस 'गाडी रोज येते' आणि 'गाडी येऊन राहिली' हा फरक न चुकता करतो. पहिले 'अराइव्ह्ज', दुसरे 'इज अरायव्हिंग'. 'येऊन राहिली होती' म्हटले की 'वॉज अरायव्हिंग', 'येऊन राहिली असेल' म्हटले की 'विल बी अरायव्हिंग'. गाडी अजून दिसत नसताना दोन्ही भाषांत हे चालू रूपच वापरतात, हेही साम्य ध्यानात घेण्याजोगे. वर्गात 'येऊन राहिली'ला अशुद्ध म्हणून गप्प करण्याऐवजी फळ्यावर त्याच्याच शेजारी 'आयएनजी' लिहिले, तर चालू काळासाठी वेगळी व्याख्या पाठ करून घ्यावी लागणार नाही. नो, लाइक, वाँट, बिलाँग ही मनःस्थितीची आणि मालकीची क्रियापदे तेवढी सहसा या काळात जात नाहीत.

पूर्ण काळात 'हॅज' किंवा 'हॅव्ह' आणि 'ईडी'चे रूप येते : द ट्रेन हॅज अराइव्ह्ड, गाडी आली आहे. इथे जोडी बरोबर जुळते, तरी एका ठिकाणी फसगत होते. मराठीत 'तो कालच आला आहे' हे वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत 'यस्टर्डे' आले की पूर्ण वर्तमानकाळ बाद होतो आणि साधा 'अराइव्ह्ड' वापरावा लागतो. संपलेल्या वेळेचे नाव घेतले की 'हॅज' नको, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ चुका टळतात. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीच्या घटनेला 'हॅड' लागतो : गाडी सुटण्याआधी पोती लादून झाली होती, तर 'हॅड लोडिड'. भविष्यात याचेच 'विल हॅव्ह लोडिड' होते.

राहिला चालू पूर्ण काळ. 'सकाळपासून वाट पाहून राहिलो' यात वऱ्हाडी नुसत्या चालू रूपावर काम भागवते, इंग्रजीला मात्र मागून सुरू झालेला काळ दाखवायला 'हॅव्ह बीन वेटिंग' असा लांब साज लागतो. त्यातच 'सकाळपासून' आणि 'दोन तासांपासून' या दोहोंना मराठीत एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत सुरुवातीची वेळ सांगायची तर 'सिन्स मॉर्निंग', गेलेला अवधी मोजायचा तर 'फॉर टू अवर्स'.