शेरा लिहील एआय, पण वर्गात कोण बसलं होतं?

आजचा भाग आहे पाठ निरीक्षणावर. म्हणजे मुख्याध्यापक वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसतात, तास बघतात आणि नंतर लॉगबुकमध्ये शेरा लिहितात, ते. तुमच्यापैकी कुणाची आई शिक्षिका असेल, कुणाचे मामा मुख्याध्यापक असतील. हल्ली घरात प्रश्न येतोच, 'अरे, ते एआय वापरून शेरे लिहिता येतात का?' मग शिकवायचं काम आपल्याकडेच येतं. म्हणून म्हटलं, यावर एकदा नीट बोलूया.

आधी अडचण समजून घ्या. तास संपतो, मुख्याध्यापक बाहेर पडतात आणि पुढे पोषण आहाराची नोंद, यूडायस प्लसची माहिती, दारात थांबलेले पालक. शेरा लिहायला संध्याकाळ होते. मग काय लिहिलं जातं? 'अध्यापन समाधानकारक. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा.' मराठीच्या बाईंनाही हेच, गणिताच्या सरांनाही हेच. यातून उद्या वर्गात नक्की काय बदलायचं, ते कुणालाच कळत नाही.

आता चॅटजीपीटी किंवा जेमिनायला फक्त एवढंच सांगून बघा: 'सहावीचा वर्ग, अपूर्णांकांचा तास, शिक्षकासाठी फीडबॅक लिही.' दहा सेकंदांत पानभर मजकूर येईल. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्साहपूर्ण होता, फळ्याचा वापर प्रभावी होता, वगैरे. अरे, पण तू वर्गात होतास कुठे? मॉडेल कसं चालतं, तर अशा मजकुरात पुढे बहुधा कोणते शब्द येतात, ते जोडत जातं. फीडबॅकमध्ये असं लिहितात, म्हणून त्यानेही लिहिलं. आधी दोन ओळींचा पोकळ शेरा होता, आता तो दोनशे शब्दांचा झाला. आणि हा कागद वर्षाच्या शेवटी त्या शिक्षकाच्या मूल्यमापनाच्या वेळी कुणी पुढे ठेवला तर? न घडलेल्या गोष्टीवर माणूस जोखला जाईल.

आता दुसरी पद्धत बघू. समजा मुख्याध्यापकांनी वर्गात बसून एवढंच खरडलंय:

'11:10 – दोन तृतीयांश मोठा की तीन पंचमांश? विचारलं, लगेच स्वतःच उत्तर. 11:18 – पुन्हा तसंच. एकूण 14 प्रश्न, 11 पुढच्या दोन बाकांना. एका मुलीने कागदाची घडी घालून उत्तर काढलं, सरांनी तिला फळ्याजवळ बोलावलं.'

या नोंदी टाका आणि सोबत हा प्रॉम्प्ट द्या: 'या नोंदींपलीकडे काहीही जोडू नको. आधी काय चांगलं घडलं ते नोंदीच्या आधारे लिही. मग एकच सुधारणा सुचव, पुढच्या आठवड्यात करून बघता येईल अशी. जिथे माहिती नाही तिथे "नोंद नाही" असं लिही. साधी, आदराची मराठी. 150 शब्द.'

आता ड्राफ्टमध्ये घडीवाली मुलगी येते, पुढचे दोन बाक येतात. आणि सूचना काय येऊ शकते? प्रश्न विचारल्यावर थोडं थांबा. ही साधी वाटणारी गोष्ट मोठी आहे. अमेरिकेत मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. म्हणजे सरांना सांगायचं एवढंच, 'मनात तीन मोजा आणि मग मागच्या बाकाकडे बघा.' पण 11:10 ची ती नोंद नसती, तर ही सूचना हवेतच राहिली असती.

जागतिक बँकेचं 2019 मध्ये आलेलं 'टीच' नावाचं निरीक्षण साधन आहे. त्यातही निरीक्षक 15-15 मिनिटांचे दोन भाग बघतो, नोंदी घेतो आणि मगच गुण देतो. आधी डोळे, मग लेखणी.

आता काही नियम, घरच्यांना आवर्जून सांगा.

एक: शिक्षकाचं, मुलांचं, शाळेचं नाव टाकायचं नाही. वर्गाचं रेकॉर्डिंग तर नाहीच. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे.

दोन: एआयकडून गुण किंवा श्रेणी मागायची नाही. युरोपच्या 2024 च्या एआय कायद्यात कर्मचाऱ्यांच्या कामाचं मूल्यमापन करणारं एआय जास्त जोखमीच्या यादीत आहे, ते उगाच नाही.

तीन: ड्राफ्टमधल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा, 'हे मी कधी पाहिलं?' उत्तर नसेल तर वाक्य खोडा.

चार: मोठ्याने वाचा. 'आपले अध्यापन कौशल्य वाखाणण्याजोगे आहे' असं तुम्ही बाईंना तोंडावर म्हणाल का? नाही ना? मग तुमच्या भाषेत बदला.

पाच: आधी समोर बसून बोला, त्यांचं म्हणणं ऐका, मग कागद द्या. कदाचित मागच्या बाकावरच्या मुलांना आदल्या दिवशीच भरपूर प्रश्न विचारून झाले असतील. हे नोंदीत नसतं, म्हणून एआयलाही कळणार नाही.

थोडक्यात, लिहिण्याचा अर्धा तास एआय वाचवू शकतं. तो वेळ वर्गात बसायला आणि शिक्षकाशी बोलायला वापरला, तर फायदा. निरीक्षणच टाळायला वापरला, तर जुनाच शेरा, फक्त लांबलचक.

घरात कुणी मुख्याध्यापक असतील तर हा भाग त्यांना पाठवा, आणि प्रॉम्प्ट त्यांच्यासोबत बसून एकदा करून बघा. भेटू पुढच्या भागात!